अमेरिकेतल्या नॅशनल पार्कचा पास: कुठला घ्यायचा आणि कुणी घ्यायचा

सुट्टीचं प्लॅनिंग सुरू झालं की पार्कच्या पासबद्दल पत्रं येतातच, पण यंदा जरा जास्तच आलीत आणि त्याला कारणही तसंच आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथले नियम बदललेत, त्यामुळे जुने व्हिडिओ, मावसभावाचा तीन वर्षांपूर्वीचा सल्ला आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज यातलं बरंचसं आता लागू होत नाही. बऱ्याच जणांना उपयोगी पडतील अशी पत्रं निवडून उत्तरं देतेय. पास कुठला हे ठरवायच्या आधी दोनच गोष्टी कागदावर लिहून काढा, कुठल्या कुठल्या गेटमधून आत जाणार आणि गाडीत कोण कोण असणार. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात.

आम्ही ऑस्टिनला राहतो, दोघंही एच-वन-बी व्हिसावर, मुलगा सहा वर्षांचा. जूनमध्ये युटामधले पाचही पार्क गाडीने करायचेत. ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा की प्रत्येक गेटवर पैसे भरावेत? आणि आमच्याकडे ग्रीन कार्ड नाही, तर तो नवीन २५० डॉलरवाला पास आमच्या गळ्यात पडणार का? – एक वाचक, टेक्सास

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते कारण तीच धास्ती जास्त दिसतेय. देशभरातल्या नॅशनल पार्कमध्ये चालणारा ८० डॉलरचा 'अमेरिका द ब्युटिफुल' वार्षिक पास आता अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना मिळतो, आणि तुम्ही रहिवासी आहात हे दाखवायला अमेरिकेतलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. त्यात अमेरिकन पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड तर आहेच, पण राज्याने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडीसुद्धा चालतं. तुमच्याकडे टेक्सासचं लायसन्स असणारच, तेव्हा परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० चा पास तुमच्यासाठी नाही. फक्त लायसन्सची मुदत बघून घ्या, व्हिसाच्या तारखेला बांधलेलं लायसन्स असलं की ते नेमकं ट्रिपच्या आसपास संपलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

आता हिशोब. एका गाडीला झायनचे ३५, ब्राइस कॅनियनचे ३५, कॅपिटल रीफचे २०, कॅनियनलँड्सचे ३० आणि आर्चेसचे ३०, म्हणजे झाले १५० डॉलर. पास ८० ला. इथे विचार करण्यासारखं काहीच नाही, पास घ्या. कुणी तुम्हाला आग्नेय युटाचा ५५ डॉलरचा वेगळा पास सुचवेल, तो आर्चेस, कॅनियनलँड्स, नॅचरल ब्रिजेस या भागापुरता आहे, झायन-ब्राइस त्यात येत नाहीत, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. आर्चेसजवळच्या मोॲब गावाच्या आसपास राहणाऱ्या माणसाने तो घ्यावा.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पास ज्या महिन्यात घेता त्या महिन्यापासून बारा महिने चालतो आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपतो. म्हणजे ३१ मेला घेतला तर पुढच्या ३१ मेपर्यंत, आणि एकच दिवस थांबून १ जूनला घेतला तर पुढच्या ३० जूनपर्यंत. तेवढ्याच पैशात अख्खा एक महिना जास्त मिळतो आणि पुढच्या वर्षी शाळा सुटल्या सुटल्या जूनमध्ये अजून एक ट्रिप त्याच पासवर बसते.

पैशांचं झालं, पण मला पास आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. कॅपिटल रीफचंच बघा. हायवे २४ त्या पार्कच्या मधून जातो आणि त्यावरून जायला काही पैसे नाहीत, रस्त्याकडेला कातळावरची जुनी चित्रंसुद्धा तशीच बघता येतात, फी लागते ती आतल्या सीनिक ड्राइव्हला. मग होतं काय, ब्राइसहून मोॲबला निघालेली मंडळी घड्याळ बघतात, दीड-दोन तासांसाठी अजून वीस डॉलर कशाला म्हणतात आणि तशीच पुढे निघून जातात. त्या सीनिक ड्राइव्हवर संध्याकाळी लाल कड्यांवर जे ऊन पडतं ते या लोकांनी बघितलेलंच नसतं. पास हातात असला की हा विचारच मनात येत नाही, गाडी वळवायची, तासभर फिरायचं, मुलाला चार दगड चढू द्यायचे आणि निघायचं. लहान मूल बरोबर असताना तर हे फारच सोयीचं, कारण मूल कुठल्या पार्कात कंटाळेल आणि कुठे रमेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

झायनमध्ये एंजल्स लँडिंग या उंच कड्यावर जायचं डोक्यात असेल तर त्याचं परमिट वेगळं असतं आणि ते लॉटरीने मिळतं, पासचा त्याच्याशी संबंध नाही. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मात्र तिथे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आम्ही पुण्याचे. टुरिस्ट व्हिसावर चौघं जण येतोय, आम्ही दोघं, १७ वर्षांची मुलगी आणि १४ वर्षांचा मुलगा. सॉल्ट लेक सिटीला उतरून गाडी भाड्याने घेणार, यलोस्टोन आणि ग्रँड टीटन करणार. परदेशी लोकांना माणशी शंभर डॉलर जास्त पडतात असं ऐकलं, खरं आहे का? अमेरिकेत चुलत दीर आहेत, त्यांचा पास नेला तर चालेल का? – एक वाचक, पुणे

खरं आहे. २०२६ पासून ज्यांच्याकडे वार्षिक पास नाही अशा परदेशी पाहुण्यांना अकरा पार्कांमध्ये नेहमीच्या प्रवेश फीवर माणशी १०० डॉलर जास्तीचे भरावे लागतात, १६ वर्षं आणि त्याच्या वरच्या प्रत्येकाला. ते अकरा पार्क असे: अकेडिया, ब्राइस कॅनियन, एव्हरग्लेड्स, ग्लेशियर, ग्रँड कॅनियन, ग्रँड टीटन, रॉकी माउंटन, सिकोया आणि किंग्ज कॅनियन, यलोस्टोन, योसेमिटी आणि झायन. तुमचे दोन्ही पार्क नेमके या यादीत आहेत.

तुमच्या गाडीचा हिशोब मांडू. १४ वर्षांच्या मुलाचे पैसे नाहीत, उरले तिघं. यलोस्टोनची गाडीची फी ३५ आणि तिघांचे ३००, म्हणजे ३३५. ग्रँड टीटनला पुन्हा तेवढेच, ३३५. दोन्ही पार्क एकमेकांना लागून असले तरी फी वेगवेगळी आहे, एकाची पावती दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही. एकूण ६७० डॉलर. याउलट परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, त्यात पासधारक आणि खासगी गाडीतली त्याच्याबरोबरची माणसं येतात आणि ते शंभर-शंभर डॉलरही भरावे लागत नाहीत. तुमच्यासाठी तर एकाच पार्कला गेलात तरी २५० चा पास स्वस्त पडतो. फक्त नवरा-बायको दोघंच असते आणि एकच पार्क बघणार असते तर २३५ विरुद्ध २५० असा प्रश्न आला असता, तेव्हा पास न घेता गेलं तरी चाललं असतं. पण तिथेही वाटेत दुसरं एखादं फी असलेलं ठिकाण लागलं की पासच परवडतो.

दिरांच्या पासचं विचारलंत, तर नाही चालणार. पास ज्याच्या नावावर तो माणूस स्वतः गाडीत असावा लागतो आणि गेटवर पासबरोबर त्याचं फोटो ओळखपत्र मागतात. काच खाली केली की बूथमधला रेंजर हसून स्वागत करतो, पास बघतो, ओळखपत्र बघतो, नकाशा हातात देतो आणि पुढची गाडी घेतो. मागे पन्नास गाड्या उभ्या असताना नाव जुळत नाही म्हणून तिथे वाद घालत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये. पास रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर डिजिटल मिळतो, निघायच्या आधी घेऊन फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

एवढे पैसे वाचून 'मग यलोस्टोन नकोच' असं वाटत असेल तर थांबा. १८७२ साली झालेलं हे पहिलं नॅशनल पार्क, आणि जगातल्या जिवंत गीझरांपैकी, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यांपैकी, जवळपास निम्मे या एका जागेत आहेत. जमीन पायाखाली उकळतेय, वाफा येताहेत, समोरून बायसनचा कळप रस्ता ओलांडतोय, आणि १४ वर्षांच्या मुलाच्या हातात फोन आहे पण तो त्याच्याकडे बघत नाहीये, असं दुसरीकडे कुठे होणार? तुम्ही विमानाच्या तिकिटांवर जेवढा खर्च करताय त्यापुढे हे २५० डॉलर मनाला लावून घेऊ नका.

ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही त्यांच्यासाठी मात्र सांगते, त्या अकरांच्या बाहेर कितीतरी अप्रतिम पार्क आहेत जिथे परदेशी माणसालाही फक्त नेहमीची फी आहे. आर्चेस, कॅनियनलँड्स, कॅपिटल रीफ, डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, माउंट रेनियर, ऑलिंपिक ही त्यातली काही. बजेट आवळायचं असेल तर यातली दोन-तीन जोडून सुंदर ट्रिप होते. आणि हो, फुकट प्रवेशाचे जे ठरावीक दिवस असतात ते २०२६ पासून फक्त अमेरिकेतल्या नागरिकांना आणि रहिवाशांना लागू आहेत, त्या भरवशावर तारखा ठरवू नका.

माझं वय ६४. सप्टेंबरमध्ये ग्रुप टूरने अमेरिकेला जातोय, नायगारा, लास वेगास, ग्रँड कॅनियन, लॉस एंजेलिस असं आहे. एका मित्राने सांगितलं की ज्येष्ठांना २० डॉलरमध्ये पास मिळतो. घेऊन ठेवू का? – एक वाचक, नाशिक

काका, नका घेऊ. ज्येष्ठांचा पास ६२ वर्षं आणि त्याच्या वरच्यांना मिळतो हे खरं, पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना. टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्याला तो मिळत नाही, वय कितीही असलं तरी.

शिवाय तुमच्या टूरमध्ये पास लागेल अशी जागाच बहुतेक नाही. नायगारा धबधब्याची अमेरिकेकडची बाजू हे न्यूयॉर्क राज्याचं स्टेट पार्क आहे, नॅशनल पार्क नाही, आणि बोटीचं तिकीट तर वेगळंच. ग्रँड कॅनियनचं मात्र टूरवाल्यांना नीट विचारा, कारण इथे फार जणांचा गोंधळ होतो. लास वेगासहून एका दिवसात नेऊन आणतात तो बऱ्याचदा वेस्ट रिम (रिम म्हणजे दरीचा काठ) असतो, तो काचेचा स्कायवॉक असलेला. ती जागा हुआलापाई या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या जमिनीवर आहे, तिकीट त्यांचं, व्यवस्था त्यांची, नॅशनल पार्कचा कुठलाही पास तिथे चालत नाही. नॅशनल पार्कमध्ये येतो तो साउथ रिम आणि नॉर्थ रिम. साउथ रिम वेगासहून गाडीने साडेचार तासांच्या आसपास आहे, म्हणून एका दिवसाच्या टूरमध्ये तो टाळतात. दोन्हीकडून दिसतं ते सुंदरच, पण फोटोत आपण जो अफाट, थरावर थर असलेला ग्रँड कॅनियन बघत आलोय तो साउथ रिमचा. तुमच्या वेळापत्रकात नुसतं 'ग्रँड कॅनियन' लिहिलं असेल तर रिम कुठला ते लेखी मागून घ्या. आणि साउथ रिम असेल तर दुसरा प्रश्न विचारा, पार्कची फी आणि परदेशी प्रवाशांचे ते जास्तीचे १०० डॉलर टूरच्या पैशात धरलेत का? बुकिंगच्या वेळी विचारलेलं बरं, बसमध्ये बसल्यावर पैसे गोळा करायला लागले की सगळ्यांचाच मूड जातो.

वेगासच्या त्याच फेरीत पेज गावाजवळचं काही दाखवणार असतील तर तेही सांगून ठेवते. अँटिलोप कॅनियन नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या गाइडशिवाय आत जाताच येत नाही. हॉर्सशू बेंडला पार्किंगचे पैसे पेज गावाची नगरपालिका घेते. मॉन्युमेंट व्हॅलीही नवाहोंचं पार्क. फोटोत हे सगळं नॅशनल पार्कसारखंच दिसतं, म्हणून लोक पास पुढे करतात आणि हिरमुसतात.

मी न्यू जर्सीत असते. आईचं वय ६६, बाबांचं ७०, दोघांचं ग्रीन कार्ड आलं. बाबांची दृष्टी काचबिंदूमुळे जवळजवळ गेली आहे. आईसाठी २० चा वार्षिक घ्यावा की ८० चा आजन्म पास? ते दोघं वर्षातले पाच-सहा महिने भारतात असतात. – एक वाचक, न्यू जर्सी

तुमचं पत्र वाचून पहिलं मनात आलं ते बाबांबद्दल. ज्यांना कायमस्वरूपी अपंगत्व आहे अशा नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना अॅक्सेस पास मिळतो, वयाची अट नाही, पास आजन्म आणि पूर्ण फुकट. दृष्टी जाणं यात नक्कीच बसतं. डॉक्टरांचं पत्र किंवा सरकारी दाखला लागतो ज्यात हे अपंगत्व कायमचं आहे आणि रोजच्या जगण्यातल्या कामांवर त्याचा मोठा परिणाम होतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल. पत्र घेताना डॉक्टरांना 'कायमस्वरूपी' हा मुद्दा आवर्जून लिहायला सांगा, नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. बरोबर बाबांचं ग्रीन कार्ड.

बाबा गाडीत असले की त्यांच्या पासवर अख्खी गाडी आत जाते. म्हणजे आई-बाबा कायम एकत्र फिरत असतील तर आईसाठी वेगळा पास घ्यायची गरजच नाही! बऱ्याच घरांमध्ये हे कुणाला माहीत नसतं, आणि काही घरांमध्ये माहीत असूनही 'अपंगांचा पास कशाला मागायचा' म्हणून संकोच करतात. तो त्यांचा हक्क आहे, कुणाच्या उपकाराचा प्रश्न नाही. आणि दिसत नसलं तरी माणसाला पार्कात न्यायला काय अर्थ असंही मनात आणू नका, देवदारांचा वास, पाण्याचा आवाज, उंचावरचा गार वारा, बाबांना हे सगळं मिळणारच आहे, फक्त बरोबरच्या माणसाने घाई करू नये आणि समोर काय दिसतंय ते त्यांना सांगत राहावं.

आई एकटी तुमच्याबरोबर फिरणार असेल तर मग तिचा वेगळा घ्या, आणि सरळ ८० चा आजन्म घ्या. २० चे चार वार्षिक पास झाले की ते देऊन आजन्म पास मिळतोही, पण चार वर्षं ती कागदपत्रं कोण सांभाळणार? ती सहा महिने भारतात असली तरी आजन्म पासला काही फरक पडत नाही, परत आली की तोच चालू. ऑनलाइन मागवला तर वर प्रोसेसिंगचे पैसे लागू शकतात, तेव्हा जिथे पास मिळतो अशा एखाद्या पार्कच्या गेटवर जाऊनच घ्या. आईच्या आणि बाबांच्या दोन्ही पासांवर बऱ्याच ठिकाणी कॅम्पिंगला निम्मी सवलत असते, आई-बाबा तंबूत राहायला तयार असतील तर तेही होऊन जाऊ दे. आणि आईचा पास आई गाडीत असतानाच, ती भारतात आणि तुम्ही तिचा पास घेऊन व्हर्जिनियातल्या शनान्डोआ पार्कला, असं करायचं नाही.

मुलगी आता तिसरीत आहे, सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल. चौथीच्या मुलांना फुकट पास असतो असं शाळेत कळलं. आम्ही सिॲटलला आहोत. या उन्हाळ्यात माउंट रेनियर करावं की थांबावं? – एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

'एव्हरी किड आउटडोअर्स' नावाची ही योजना आहे. चौथीचं वर्ष सुरू होतं तिथपासून, म्हणजे १ सप्टेंबरपासून पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत तो पास चालतो. म्हणजे तुमच्या मुलीला पुढचा अख्खा उन्हाळा मिळणार. मुलीला स्वतः साइटवर बसवा, एक छोटी अॅक्टिव्हिटी असते ती तिलाच करू द्या, तिचा पास आहे, तिलाच मजा येते. ती बरोबर असली की गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश होतो.

यंदा थांबावं का? नको. रेनियरचे गाडीमागे ३० डॉलर आहेत, तेवढे भरून या उन्हाळ्यात एकदा जाऊन या, रानफुलं काही पुढच्या वर्षीसाठी थांबत नाहीत. ऑलिंपिक आणि ओरेगनमधलं क्रेटर लेक पुढच्या वर्षी पासवर करा. नॉर्थ कॅस्केड्सला तर प्रवेश फीच नाही, ते कधीही करा.

तुमच्या भागात अजून दोन पास फिरत असतात म्हणून सांगते. डिस्कव्हर पास हा वॉशिंग्टन राज्याच्या स्टेट पार्कसाठी, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही. नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास हा नॅशनल फॉरेस्टच्या ट्रेलहेडसाठी, म्हणजे ट्रेकची वाट सुरू होते त्या जागांसाठी, आणि त्याच्या जागी अमेरिका द ब्युटिफुल वार्षिक पास चालतो. दर वीकेंडला ट्रेकला जाणारी मंडळी असाल तर हे लक्षात असू द्या.

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला शनान्डोआला तीन-चार वेळा जाणं होतं. फक्त शनान्डोआचा वार्षिक पास घेऊ का? ऑनलाइन की गेटवर? – एक वाचक, व्हर्जिनिया

शनान्डोआला एका वेळचे ३० आणि फक्त त्या पार्कचा वार्षिक पास ५५ चा. दोनदा गेलात की वसूल. पण २५ डॉलर अजून घातले की सगळ्या देशाचा पास येतो, आणि तुमच्या तर अंगणात ग्रेट फॉल्स पार्क आहे, तिथे गाडीचे २० लागतात. पाहुणे आले की आपण सगळे त्यांना ग्रेट फॉल्सला नेतोच. म्हणून ८० वालाच घ्या. ५५ चा पास मी फक्त अशा माणसाला सुचवेन जो दर रविवारी शनान्डोआतच चालायला जातो आणि दुसरीकडे कुठेही जात नाही.

शनान्डोआतला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता संपला की पुढे ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, तो फुकट आहे. त्या रस्त्याने खाली ग्रेट स्मोकी माउंटन्सपर्यंत जायचा विचार असेल तर तिथे प्रवेश फी नाही पण २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी केली की पार्किंग टॅग लागतो, दिवसाचा ५, आठवड्याचा १५, वर्षाचा ४० डॉलर. ८० चा पास असला तरी हा टॅग वेगळा घ्यावाच लागतो.

गेटवर घ्या असं मी म्हणेन. २००४ च्या कायद्याप्रमाणे पार्कात जमा झालेल्या फीतला किमान ८० टक्के भाग त्याच पार्कात खर्चायचा असतो, वाटांची डागडुजी, टॉयलेट, माहितीचे फलक यावर. ज्या पार्कात वर्षभर फिरणार तिथेच पैसे गेलेले चांगले. फक्त कार्ड ठेवा जवळ, बऱ्याच गेटांवर आता कॅश घेत नाहीत. आणि हातात मिळणारा कार्डाचा पास जपून ठेवा, हरवला तर बदली मिळत नाही, नवीन विकत घ्यावा लागतो.

मागच्या वर्षी पास असूनही आम्हाला एका पार्कच्या गेटवरून परत पाठवलं, म्हणाले रिझर्व्हेशन नाही. दोन तास ड्राइव्ह करून गेलो होतो. मग पासचा उपयोग काय? – एक वाचक, कोलोरॅडो

तुमचा वैताग समजतो, मुलं मागे बसलेली असताना गाडी वळवायची म्हणजे फार वाईट वाटतं. पण पास आणि रिझर्व्हेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पास म्हणजे प्रवेशाचे पैसे भरले, रिझर्व्हेशन म्हणजे गर्दीच्या दिवसांत तुमची वेळ ठरली. तुमच्याकडच्या रॉकी माउंटनला मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असं वेळेचं रिझर्व्हेशन लागतं, त्याचे दोन डॉलर वेगळे. अकेडियात कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायला सीझनमध्ये वेगळं रिझर्व्हेशन, योसेमिटीत हाफ डोमवर केबल धरून चढायला वेगळं परमिट, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्सला पास चालतो पण पार्किंगची जागा आधी बुक करावी लागते. कुठल्या पार्कात यंदा रिझर्व्हेशन आहे हे दर वर्षी बदलतं, मागच्या वर्षी लागलं म्हणून यंदा लागेलच असं नाही आणि उलटही तसंच, तेव्हा तारीख पक्की केली की त्या पार्कच्या सरकारी पानावर बघायचं आणि रिझर्व्हेशनं उघडतात तो दिवस कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायचा. रॉकी माउंटनला काही जागा आदल्या संध्याकाळीही सोडतात, त्यामुळे आधी मिळालं नाही तर आदल्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. आणि पास, रिझर्व्हेशन, नकाशा हे सगळं घरच्या वायफायवरच डाउनलोड करून घ्या, डोंगरात शिरल्यावर गेटपर्यंत रेंज असेलच असं नाही.